मुलगा समाज बदलतो, पगार किती?

‘मुलगा बंगळूरला असतो’ एवढं कानावर पडलं की पुण्या-साताऱ्याकडच्या वधुपित्याच्या डोळ्यांपुढे बाकीचं चित्र आपोआप उभं राहतं. काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र, दोन-तीन वर्षांतून एखादी अमेरिकेची वारी. वरपित्याची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. मुलगा बंगळूरला असतो हे खरं, इंजिनीअर आहे हे खरं, काचेच्या इमारतीत बसतो हेही खरं. पण तिथे बसून तो समाज बदलतो. ‘म्हणजे नक्की काय करतो?’ ‘सोशल आंत्रप्रेन्युअर आहे. सामाजिक उद्योजक.’ ‘अरे वा, उद्योजक! कशाचा कारखाना?’ ‘कारखाना नाही हो. इकोसिस्टिम उभी करतो.’ ‘बिल्डर का?’ इथे मुलाची आई मध्ये पडते आणि त्याला मिळालेल्या फेलोशिपचं नाव सांगते. नाव इंग्रजीत आणि लांबलचक असल्यामुळे वधुपिता थोडा दबतो, पण हटत नाही. ‘ते सगळं ठीक. पगार मिळतो का?’ ‘मिळतो की. चांगला मिळतो,’ असं वरपिता सांगतो, पण आवाज खाली आणून, मुलाची जुनी एखादी भानगड कबूल केल्यासारखा. वधुपित्याचा चेहरा एकाच वेळी उजळतो आणि पडतो. पगार नसता तर त्याने मुलगी दिली नसती. पगार आहे म्हटल्यावर त्याच्या मनात येतं, ‘हात्तिच्या, मग यात कसली समाजसेवा?’

असल्या संवादात हसायचं कुणाला, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सर्वसाधारण समज असा की पगार घेऊन क्रांती करणाऱ्या त्या मुलाला हसावं. मला हे पटत नाही. पगारात हसण्यासारखं काहीही नाही. महिनाअखेर घरभाडं त्यालाही भरायचं असतं, आणि बंगळूरचा घरमालक दहा महिन्यांची अनामत मागताना भाडेकरूची सामाजिक जाणीव विचारात घेत नाही. गंमत दुसरीकडेच आहे. या धंद्यात पैसे देणारा एक असतो, काम ज्याच्यासाठी चालतं तो दुसरा असतो, आणि दोघांची सहसा गाठ पडत नाही. मधल्या माणसाचा निम्मा दिवस दुसऱ्याची खुशाली पहिल्याला कळवण्यात जातो. पहिल्याला खुशाली आवडली तर पुढच्या वर्षी पैसे येतात. मग हळूहळू खुशाली कळवण्यातच माणूस तरबेज होत जातो, आणि बंगळूरसारख्या शहरात त्यातले तरबेज लोक एका रस्त्यावर शंभर मिळतात.

हे शहर त्यासाठी जणू बांधूनच घेतलेलं आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठ २०१० साली कर्नाटकच्या कायद्याने उभं राहिलं, तिथे विकास या विषयात एम. ए. करता येतं. आयआयएमच्या आवारात व्यवसायांबरोबर सामाजिक उपक्रमही उबवले जातात. जनाग्रहसारखी नागरी प्रश्नांवरची संस्था २००१ पासून इथे आहे. लाच दिल्याची कबुली नागरिकांकडून ऑनलाइन घेणारा ‘आय पेड अ ब्राइब’ हा उपक्रम तिनेच २०१० मध्ये काढला. माहिती तंत्रज्ञानात पुष्कळ कमावून चाळिशीत ‘आता समाजाला परत द्यायचंय’ म्हणणारी माणसं ज्या संख्येने इथे भेटतात, त्या संख्येने इतर शहरांत रिक्षावालेही भेटत नाहीत. एवढं सगळं एका गावात जमल्यावर चढायला पायऱ्या तयार झाल्या, तर नवल नाही. आधी फेलोशिप, मग स्वतःची संस्था, मग इन्क्युबेटर, मग ‘तिशीच्या आतले तीस’ छापाच्या एखाद्या यादीत नाव, मग परिसंवादात खुर्ची, आणि शेवटी नव्या फेलोंना मार्गदर्शन. मार्गदर्शनाचा मुख्य विषय, पहिली फेलोशिप कशी मिळवावी.

या पायऱ्यांपैकी एकीवर क्षणभर थांबू. डोमलूर किंवा इंदिरानगरमधलं एखादं सभागृह, विषय घनकचरा, वेळ सकाळी दहा. साडेदहा वाजले तरी निम्मी मंडळी सिल्क बोर्डच्या चौकात, एकेका टॅक्सीत एकेक अशी अडकलेली. मग ज्वारीचे लाडू आणि फिल्टर कॉफी होते आणि रंगीत चिकट चिठ्ठ्या वाटल्या जातात. ‘इथे चुकीचं उत्तर असं काही नसतंच,’ असं संचालिका सांगते, त्यामुळे बरोबर उत्तराची जबाबदारीही आपोआप टळते. कुणी चिठ्ठीवर ‘विश्वास’ लिहितं, कुणी ‘सहभाग’, एकजण ‘सिस्टिम’ लिहून तिच्याभोवती गोल काढतो. भिंत भरते. भिंतीचा फोटो निघतो. संध्याकाळी सभागृहाची आवराआवर करणारी बाई चिठ्ठ्या सोलून काढते आणि साधा प्रश्न विचारते, या टाकायच्या कशात? बंगळूरची रीत अशी की ओल्याला हिरवा डबा, डायपर वगैरे नकोशा कचऱ्याला लाल, सुक्याला पिशवी. कागद सुका, हे बरोबर. पण मागच्या गोंदाचं काय? राज्यभरातले कचरातज्ज्ञ त्या खोलीत असतात. चांगली पंधरा मिनिटं दोन बाजूंनी चर्चा रंगते, एकजण त्यावर कार्यगट नेमायला सुचवतो, आणि तोवर बाईने सगळ्या चिठ्ठ्या पिशवीत कोंबून गाठही मारलेली असते.

आता पहिला आक्षेप येतो, आणि तो नेमका आपल्या मराठी मुलखातून येतो. ‘पूर्वीची माणसं अशी नव्हती हो. त्यांनी कुठे पगार घेतले?’ घेतले. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली; तिच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षं दरमहा ७५ रुपयांवर काम करायचं पत्करलं. तो पगारच होता, आणि त्यावरून जे भांडण झालं त्याच्या तोडीचं भांडण आजच्या कुठल्या संस्थेच्या विश्वस्तांत होणार नाही. सदस्यांनी बाहेरची कामं घ्यावीत का, वरकमाई करावी का, यावर टिळक एका बाजूला आणि आगरकर-गोखले दुसऱ्या बाजूला. १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला, तोही कारणांची लांबलचक कैफियत जोडून. महर्षी कर्वे १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. विधवांसाठी आश्रम चालवणाऱ्या माणसाची चूल लॉगॅरिथमवर पेटत होती. आणि गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला तो मुळी याच हिशेबाने की देशसेवा फावल्या वेळात होत नाही, तिला पूर्णवेळ माणूस लागतो, त्याला शिकवावं लागतं आणि त्याच्या संसाराचं संस्थेने बघावं लागतं. सदस्यांनी स्वतःसाठी पैसा कमावण्यात शक्ती घालवायची नाही अशी शपथ होती, पण निर्वाहाचा भत्ता होता. मुंबईत १९३६ साली, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते ती शाळा निघाली, तेव्हापासून तर समाजकार्याचं प्रमाणपत्रही मिळायला लागलं. सामाजिक उद्योजक हे नाव जगभर रुळवणारी अशोका ही अमेरिकी संस्था १९८० सालची. तिच्या पहिल्या फेलो मुंबईच्या ग्लोरिया डिसूझा. तेव्हा फेलोशिप हे बंगळूरने शोधलेलं खूळ आहे अशा समजुतीत कुणी राहू नये.

फरक आहे तो मुदतीत आणि तोंडात. गोखल्यांकडे उमेदवारी पाच वर्षांची होती. १९१५ साली गांधीजी आफ्रिकेहून परतले, तिथे वीस वर्षं लढून, तुरुंग भोगून; त्यांनाही गोखल्यांनी सांगितलं की वर्षभर देश पाहा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका. गांधीजींनी ते ऐकलं. आजच्या फेलोला असं सांगून पाहा. रायचूरला बस पोचायच्या आधी त्याने खिडकीतून काढलेला फोटो आणि ‘ग्रामीण भारताने मला काय शिकवलं’ याचे सात मुद्दे लिंक्डइनवर चढलेले असतात. पण यातही सगळा दोष त्याचा नाही. गांधीजींना दर तिमाहीला फंडरला अहवाल पाठवायचा नव्हता. फेलो गप्प बसला तर वरच्या कार्यालयातून फोन येतो, ‘तुझ्याकडून स्टोरी आली नाही.’

म्हणजे पुन्हा पैसे देणाऱ्याकडेच आलो. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर (सीएसआर) खर्च करायला लावले. १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आलं. हेतू उत्तम. परिणामी मार्च महिन्यात कंपन्यांना अचानक गरिबांची तीव्र आठवण होऊ लागली. देणाऱ्याला काय आवडतं ते ठरलेलं आहे: ज्याचा फोटो निघतो आणि ज्यावर नाव रंगवता येतं ते. दप्तर, बाक, पाण्याची टाकी, वृक्षारोपण. माणसाच्या पगारावर नाव रंगवता येत नाही. शिवाय पगार हा ‘ओव्हरहेड’मध्ये मोडतो की काय, अशी सगळ्यांना धास्ती. कंपनीने स्वतःच्या व्यवस्थापनावर सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांहून जास्त खर्च करू नये असा नियम आहे. तो कंपनीपुरता असला तरी ओघळत ओघळत संस्थेच्या टेबलावर येतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली गेली. मग बैठकीत असं होतं. ‘आमच्या शंभर रुपयांतले मुलांपर्यंत किती पोचतात?’ ‘शंभरच्या शंभर, सर.’ ‘आणि त्यांना शिकवतं कोण?’ ‘शिक्षिका आहेत ना आमच्या.’ ‘त्यांना कोण देतं?’ यावर संस्थाचालक असं काही हसतो की त्या शिक्षिका बहुधा हवा आणि ध्येय यांवर जगत असाव्यात. मुलाच्या पाठीवर दप्तर आलं, दप्तरावर कंपनीचं नाव आलं. शिकवणारीचा पगार मात्र ‘क्षमतावर्धन’ नावाच्या रकान्यात बुरखा घालून बसला. जो खर्च सगळ्यात गरजेचा, तोच चोरून करावा लागतो.

याचं शिखर भांडवल बाजारात गाठलं गेलं. २०१९ च्या अर्थसंकल्पात सामाजिक शेअर बाजाराची घोषणा झाली, सेबीने २०२२ मध्ये नियम केले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यावर पहिली संस्था सूचिबद्ध झाली ती बंगळूरचीच, तरुणांना नोकरीचं कौशल्य शिकवणारी उन्नती फाउंडेशन. तिने सुमारे १ कोटी ८० लाख रुपये उभे केले, ज्याबद्दल तिचं कौतुकच आहे. गंमत ते ज्यातून उभे राहिले त्या रोख्याची. त्याचं नाव झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल. म्हणजे व्याज शून्य आणि मुद्दलही शून्य परत. आपल्याकडे मेव्हण्याला दिलेलं हातउसनं पिढ्यान्‌पिढ्या याच अटींवर चालत आलेलं आहे, फक्त त्याला डीमॅट खातं लागत नव्हतं. यात किमान गुंतवणूक आधी दोन लाखांची होती, मग २०२३ मध्ये दहा हजारांवर आली. कुणी म्हणेल, सरळ देणगी द्या ना! पण देणगी म्हटलं की देणाऱ्याला आपण वाडा बांधून बसलेले जुने शेठजी झाल्यासारखं वाटतं. गुंतवणूक म्हटलं की तो आधुनिक होतो, आणि परत काहीच येणार नसलं तरी परताव्याचा अहवाल मागू शकतो.

इथे दुसरा आक्षेप, आणि हा वजनदार आहे. अहवाल मागू नयेत का मग? लोकांचा पैसा आहे, हिशेब हवाच. हवाच, याबद्दल वादच नाही. पण हिशेब कुणाच्या बाजूने लावायचा हे ‘सेल्को’कडे पाहून कळतं. हरीश हांडे यांची ही बंगळूरची कंपनी १९९५ पासून गरिबांना सौरदिवे विकते. विकते, वाटत नाही. २०११ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हांडे अनेकदा सांगतात की महिन्याला ३०० रुपये हप्ता फेरीवाल्यांना जड जातो, रोजचे १० मात्र परवडतात. गणित तेच, पण हे शहाणपण कुठल्याही भिंतीवरच्या चिठ्ठीतून आलेलं नाही. ते आलं कारण पैसे देणारा आणि दिवा वापरणारा तिथे एकच माणूस होता, आणि दिवा लागला नाही तर तो हप्ता देणार नव्हता. त्याच्यासमोर ‘थिअरी ऑफ चेंज’ची स्लाइड लावून भागत नाही. अर्थात प्रत्येक गोष्ट विकता येत नाही. कचरा वेचणाऱ्या बाईने स्वतःच्या ओळखपत्रासाठी हप्ता का भरावा? पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी करण्यात ज्यांचा वाटा होता त्या नलिनी शेखर पुढे बंगळूरला हसिरू दळ या कचरावेचकांच्या संस्थेच्या कामात उतरल्या. अशा कामात वर्षानुवर्षं पालिकेच्या जिन्यावर चढावं-उतरावं लागतं, आणि तो जिना चढणाऱ्याला कुणीतरी पगार दिलाच पाहिजे. भरपूर द्यावा. उजळ माथ्याने, पगार याच रकान्यात दाखवून द्यावा.

तिसरा आक्षेप बंगळूरकरच घेतील, कारण पुरावे त्यांच्या बाजूने आहेत. या शहरातल्या गाजलेल्या लढाया बिनपगारी लोकांनीच जिंकल्या की! बादल नंजुंडस्वामी या चित्रकाराने २०१५ मध्ये सुलतानपाळ्यातल्या पाणी भरलेल्या खड्ड्यात स्वतःच्या खर्चाने बनवलेली मगर सोडली. पालिकेला मगरीची लाज वाटली आणि रस्ता दुरुस्त झाला. ना बेसलाइन, ना एंडलाइन. २०१९ मध्ये त्याने खड्ड्यांच्या रस्त्यावर अंतराळवीर चालवला, तेव्हाही तेच. ‘द अग्ली इंडियन’ हा गट २०१० पासून नाव न सांगता कोपरे साफ करतो, भिंती रंगवतो. ‘काम चालू, मुँह बंद’ हे त्यांचं ब्रीद, गोखल्यांना आवडलं असतं असं. (त्यांनाही पुढे टेडएक्सच्या मंचावर बोलवण्यात आलंच. ते गेले, तोंडावर मुखवटा घालून. बंगळुरात तोंड बंद ठेवायचं तरी त्यावर भाषण द्यावं लागतं.) आणि १६ ऑक्टोबर २०१६ च्या रविवारी हजारो लोक बसवेश्वर सर्कल ते हेब्बाळ अशा ६.७ किलोमीटरच्या पोलादी पुलाविरुद्ध साखळी करून उभे राहिले. ‘स्टील फ्लायओव्हर बेडा’, पूल नको. मार्च २०१७ मध्ये सरकारने पूल रद्द केला. हे सगळं खरं आहे. पण तो वार पाहा: रविवार. साखळीतले बरेच हात सोमवारी सकाळी आपापल्या कीबोर्डवर होते. त्यांना पगार नव्हता असं नाही. तो दुसरं कुणीतरी देत होतं. रविवारी ‘नको’ म्हणता येतं. मंगळवारी दुपारी अडीच वाजता जागेवर नसलेल्या अधिकाऱ्याची वाट पाहायला पूर्णवेळ माणूस लागतो. अशांच्या पगारावर बोट ठेवणारा लेखसुद्धा कुणी मानधनाशिवाय लिहीत नाही, आणि अशा लेखाने ज्याच्या आयुष्यात फरक पडल्याचं खात्रीने सिद्ध करता येतं असा लाभार्थी एकच, लेखक. तोही मानधन वेळेवर आलं तर.

राहता राहिली एक कुजबूज. समाजसेवेचं करिअर झालं की प्रश्न सुटणं परवडेनासं होतं; गरिबी हटली तर गरिबीच्या कार्यक्रम संचालकाने जायचं कुठे? तर्क बिनतोड आहे, फक्त त्यात एक गृहीत धरलंय की प्रश्न संपत येतात. बंगळूर पाहिलेल्या माणसाला ही भीती वाटू नये. बेल्लंदूर तळ्याचा फेस २०१५ मध्ये रस्त्यावर येऊन दुचाकीस्वारांच्या अंगावर उडत होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच तळ्याला आग लागली, आणि जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा लागली तेव्हा विझवायला लष्कर आलं. जिथे पाणी पेट घेतं तिथे कुठल्याही कार्यकर्त्यावर बेकारीची पाळी येण्याचा संभव नाही. आणि तो रद्द झालेला पूल? आता त्याच हेब्बाळपासून सिल्क बोर्डपर्यंत जमिनीखालून बोगदा काढायचा बेत चालला आहे. २०१६ चे फलक ज्यांनी माळ्यावर जपून ठेवले असतील त्यांना ‘बेडा’ तसंच ठेवून आधीचे दोन शब्द तेवढे रंगवून घ्यावे लागतील, आणि त्या रंगाचं बिल कार्यक्रमात घालायचं की प्रशासकीय खर्चात, हे फंडरला आधीच विचारून घेतलेलं बरं.